सुक्या कापसातले पाणी

(जिल्हा बैठकीच्या अभ्याससत्रात मांडलेल्या विषयाचा मजकूर)



हमीभावाच्या खरेदी केंद्रावर कापसाची गाडी लागली की पहिला प्रश्न ओलाव्याचा येतो. मीटर ढिगात खुपसला जातो, आकडा वाचला जातो. आठ टक्क्यांपर्यंत पुरा भाव, आठच्या वर बारापर्यंत त्या प्रमाणात कपात, बाराच्या पुढे गाडी परत. हा हिशेब इथे बसलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. आज आपण त्या मीटरला न दिसणाऱ्या पाण्याबद्दल बोलणार आहोत.

शंभर किलो रुई घ्या. ती इतकी वाळवा की मीटरचा काटा शून्यावर यावा. रुई म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. रसायनशास्त्राच्या हिशेबाने शंभर किलो शुद्ध सेल्युलोजमध्ये साधारण साडेचव्वेचाळीस किलो कर्ब असतो. उरलेले साडेपंचावन्न किलो असतात हायड्रोजन आणि ऑक्सिजन, आणि तेही बरोबर त्याच प्रमाणात, ज्या प्रमाणात ते पाण्यात असतात. म्हणजे कोरड्याठाक रुईत निम्म्याहून अधिक वजन पाण्याच्या घटकांचे आहे. शब्दसुद्धा तेच सांगतो. शाळेच्या पुस्तकात आपल्या पोरांनी 'कर्बोदके' हा शब्द पाठ केला, पण फोड करून पाहिली नाही. कर्ब आणि उदक. कोळसा आणि पाणी.

हे पाणी पिळून निघत नाही. उन्हात वाळत नाही. ते पाणी म्हणून तिथे नसतेच. त्याचे सुटे भाग कर्बाच्या अंगाला घट्ट बांधलेले असतात. हे भाग सोडवून, त्यांचे पाणी करून बाहेर काढायचे आणि मागे एक नवाच पदार्थ उरवायचा, या क्रियेला रसायनशास्त्रात निर्जलीकरण म्हणतात. कारखान्याच्या भाषेत डिहायड्रेशन.

वाळवण वेगळे, निर्जलीकरण वेगळे

या शब्दाने घोटाळा होतो, म्हणून आधी तो सोडवू. गुजरातेत महुव्याकडे कांद्याच्या चकत्या वाळवून परदेशी पाठवतात. त्या कारखान्यांनाही डिहायड्रेशनचे कारखाने म्हणतात. पण ते वाळवण आहे. चकती पाण्यात टाकली की पुन्हा फुगते, कांदा कांदाच राहतो. अंगणात मिरची वाळवतो, खळ्यावर ज्वारी वाळवतो, तसेच ते.

दुसरे, पेट्रोलमध्ये मिसळायचे अल्कोहोल. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वजनी पंचाण्णव-शहाण्णव टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही. राहिलेले पाणी त्याच्याबरोबरच उकळून वर येते. ते काढण्यासाठी बारीक छिद्रांच्या खड्यांतून वाफ नेतात, खडे पाणी धरून ठेवतात. डिस्टिलरीत या विभागालाही डिहायड्रेशनच म्हणतात. तरी अल्कोहोल अल्कोहोलच राहते. इथे पाणी सोबतीला होते, ते वेगळे केले एवढेच.

खरे रासायनिक निर्जलीकरण झाले की माल बदलतो. साखरेची साखर राहत नाही, अल्कोहोलचे अल्कोहोल राहत नाही. नवा पदार्थ, नवे गुण, नवा बाजार आणि नवा भाव.

सरकीची बादली

ही क्रिया कापूसवाल्याला परकी नाही. हल्ली बियाणे पाकिटातून तयार येते. पण घरची सरकी पेरायची तेव्हा तिच्यावरची बारीक लव काढायला काय करत होतो ते आठवा. किलोभर सरकी प्लास्टिकच्या बादलीत घ्यायची, साधारण शंभर मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड टाकायचे, लाकडी दांड्याने दोन-तीन मिनिटे भराभर ढवळायचे. लव काळपट होऊन गळते, बी कॉफीच्या रंगाचे होते. मग भरपूर पाण्यात चार-पाच वेळा धुवायचे, चुन्याच्या निवळीने उरलेले ॲसिड मारायचे, तरंगणारे पोकळ बी फेकायचे, बुडालेले सावलीत वाळवायचे.

त्या बादलीत काय घडले? तीव्र सल्फ्युरिक ॲसिडला पाण्याची भयंकर तहान असते. सुटे पाणी मिळाले नाही तर ते पदार्थाच्या अंगातले हायड्रोजन-ऑक्सिजन ओढून त्यांचे पाणी करते. लव म्हणजे सेल्युलोज. तिचे पाणी गेले, साखळ्या तुटल्या, कर्ब उघडा पडला, म्हणून ती काळी पडून झडली. बियाचे टरफल जाड आणि वेळ थोडा, म्हणून बी वाचले. बॅटरीचे पाणी धोतरावर उडाले की दोन दिवसांनी तिथे भोक पडते, तेही ॲसिड सेल्युलोज खाते म्हणूनच.

साखरेवर हेच ॲसिड ओतले तर पांढरा ढीग पिवळा, तपकिरी, मग काळा होतो आणि फसफसून वर येतो. ३४२ ग्रॅम साखरेत १४४ ग्रॅम कर्ब आणि १९८ ग्रॅम पाण्याचा ऐवज असतो, तोच तिथे उघड होतो. या कामात उष्णता इतकी निघते की माणूस भाजतो. म्हणून नियम एकच: ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड सावकाश घालावे, ॲसिडात पाणी कधीही घालू नये.

झाड जोडते, पोट तोडते

माणसाने ही विद्या कारखान्यात आणली त्याच्या आधीपासून झाड ती करत आले आहे. पान उन्हात ग्लुकोज बनवते. एका ग्लुकोजला दुसरे जोडायचे तर दोघांच्या मधून पाण्याचा एक रेणू काढावा लागतो. १८० ग्रॅम ग्लुकोज साखळीत बसले की वजन १६२ ग्रॅम भरते, १८ ग्रॅम पाणी सुटते. असे हजारो ग्लुकोज एकामागे एक जोडले गेले की कापसाचा धागा होतो. बोंड भरण्याच्या दिवसांत पाऊस तुटला, पानांना ग्लुकोज करता आले नाही, तर धाग्याची भिंत भरत नाही आणि रुई कच्ची राहते. ते नुकसान आपण ग्रेडमध्ये भोगतो.

ज्वारीच्या दाण्यातले पिठूळ सत्त्वही ग्लुकोजच्याच साखळीचे आहे, फक्त सांध्याची तऱ्हा वेगळी. भाकरी खाल्ली की पोट प्रत्येक सांध्यात पाण्याचा रेणू परत घालते आणि साखळी तोडते. कडब्यातल्या सेल्युलोजचे सांधे आपल्याला तुटत नाहीत. बैलाच्या पोटातले जंतू ते तोडतात. पाणी काढले की जोडणी होते, पाणी घातले की तोडणी होते. शेतापासून गोठ्यापर्यंतचा सगळा व्यवहार या दोन क्रियांवर चालतो.

घरच्या चुलीवरही निर्जलीकरण होते. गुळाच्या कढईखाली जाळ जास्त झाला की पाक तांबडा, मग काळा होतो. साखरेतले पाणी तुटून कॅरॅमल बनू लागते. त्याच वाटेने साखरेच्या रेणूतून पाण्याचे तीन रेणू गेले की हायड्रॉक्सिमिथिल फरफ्युरल नावाचा पदार्थ होतो. मध फार तापवला किंवा फार जुना झाला की तो मधात वाढतो. म्हणून आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमात मधाच्या किलोमागे ८० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तेल करपले की डोळ्यांत पाणी आणणारा धूर निघतो. तेलातल्या ग्लिसरीनमधून पाण्याचे दोन रेणू गेले की ॲक्रोलीन तयार होते, त्याचा तो झोंबरेपणा.

अल्कोहोलातून निघणारे पदार्थ

आता बाजाराकडे येऊ. अल्कोहोलमध्ये तीव्र सल्फ्युरिक ॲसिड घालून सुमारे १४० अंशांवर तापवले तर अल्कोहोलच्या दोन रेणूंमधून एक पाणी निघते आणि ईथर मिळते. १८४६ साली अमेरिकेत बोस्टनच्या इस्पितळात याच ईथरचा वास देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली, आणि जगभर शस्त्रक्रियेच्या वेदनेपासून माणसाची सुटका सुरू झाली. उष्णता १७० अंशांच्या आसपास नेली तर अल्कोहोलच्या एकाच रेणूतून पाणी निघते आणि एथिलीन वायू मिळतो. आजचे कारखाने ॲसिडऐवजी ॲल्युमिनासारख्या खड्यांवरून तापलेली अल्कोहोलची वाफ नेतात.

एथिलीन आपल्या ओळखीचे आहे. केळी पिकवण्याच्या खोल्यांत जी यंत्रे बसवतात त्यांतल्या अनेकांत अल्कोहोल ओततात आणि बाहेर एथिलीन येते. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, एथिलीनला मर्यादेत परवानगी आहे. पण एथिलीनचा मोठा बाजार केळ्यांचा नाही. त्याच्यापासून प्लास्टिकच्या पिशव्या, पाइप आणि ठिबकच्या नळ्या होतात. त्याच्यापासूनच ग्लायकॉल होते, आणि ग्लायकॉलपासून पॉलिएस्टर.

हे नीट ऐका. आज जगात वापरल्या जाणाऱ्या तंतूंत निम्म्याहून जास्त एकटे पॉलिएस्टर आहे आणि कापूस पाव हिश्शाच्याही खाली आला आहे. आपल्या कापसाचा हा प्रतिस्पर्धी मुख्यतः खनिज तेलातून येतो. पण तो शेतमालातूनही करता येतो. काशीपूरला १९८९ पासून मळीच्या अल्कोहोलपासून ग्लायकॉल बनते. ब्राझीलमध्ये २०१० साली उसाच्या अल्कोहोलपासून वर्षाला दोन लाख टन एथिलीन काढणारा कारखाना सुरू झाला. अल्कोहोल उसाचेच हवे असे नाही. पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी डिस्टिलरीत जातेच. फलटणच्या निंबकर संस्थेत आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये गोड ज्वारीच्या धांड्यातील रसापासून अल्कोहोल करण्यावर अनेक वर्षे काम झाले आहे.

मग अडचण कुठे आहे? हिशेबात आहे. ४६ किलो अल्कोहोलमधून २८ किलो एथिलीन मिळते आणि १८ किलो पाणी जाते. एक टन एथिलीनला अल्कोहोल लागते किमान १६४३ किलो. शंभरातले एकोणचाळीस किलो गटारात. खनिज तेल स्वस्त झाले की हा व्यवहार कोलमडतो, महागले की उभा राहतो. यात कोणाचा दोष नाही, हे वजनाचे गणित आहे.

दोष आहे तो दुसऱ्या ठिकाणी. अल्कोहोल हा शब्द आला की सरकारला दारू दिसते. कारखान्यात कच्चा माल म्हणून जाणाऱ्या अल्कोहोलवर कोणाचा अधिकार, यावर या देशात पिढ्यानपिढ्या खटले चालले. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी राज्यांचा अधिकार आखडता घेतला. २०२४ च्या ऑक्टोबरात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने तो निकाल फिरवला आणि औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांचाही अधिकार मान्य केला. दिल्ली की मुंबई, हा त्यांच्यातला वाद. ज्याच्या शेतातून माल निघतो तो या वादात कुठेच नव्हता. परवाना देणारा बदलला म्हणून परवाना सुटला असे होत नाही.

पऱ्हाटीत काय आहे?

आता आपल्या बांधावरचा विषय. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटायच्या, चुलीला लागतील तेवढ्या ठेवायच्या, बाकीच्या पेटवायच्या. पऱ्हाटी शेतात उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. २०१७ च्या हंगामात या अळीने काय केले ते विसरणे शक्य नाही. म्हणून पऱ्हाटी शेताबाहेर जायलाच हवी. प्रश्न एवढाच, की ती राख होऊन जावी की पैसा होऊन.

पऱ्हाटी, कडबा, मक्याची बुरकुंडे, उसाची चिपाडे या सगळ्यांत सेल्युलोजखेरीज पेंटोसन नावाचा एक भाग असतो. तो पाच कर्बांच्या साखरेचा बनलेला असतो. पातळ ॲसिड आणि दाबाखालची वाफ दिली की आधी पाणी शिरून पेंटोसन तुटतो, साखर सुटी होते. मग त्याच साखरेतून पाण्याचे तीन रेणू बाहेर पडतात आणि फरफ्युरल नावाचे तेलकट द्रव मिळते. १५० किलो साखरेतून ९६ किलो फरफ्युरल, ५४ किलो पाणी.

या पदार्थाचे नावच लॅटिनमधल्या कोंडा या शब्दावरून पडले आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात ओटचे पीठ बनवणाऱ्या क्वेकर ओट्स कंपनीपुढे टरफलांचे डोंगर साचत होते. १९२१-२२ च्या सुमारास तिने त्या टरफलांतून फरफ्युरल काढायला सुरुवात केली आणि टाकाऊ माल हा धंदा झाला. वंगणतेल शुद्ध करायला फरफ्युरल लागते. त्याच्यापासून केलेल्या राळेने फौंड्रीतले वाळूचे साचे पक्के करतात. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे अमेरिकेत नायलॉनचा एक कच्चा मालही बुरकुंडे आणि टरफलांच्या फरफ्युरलपासून बनत होता. खनिज तेलाची वाट स्वस्त पडल्यावर ती वाट बंद झाली. आज जगातले सर्वाधिक फरफ्युरल चीनमध्ये होते, मुख्यतः मक्याच्या बुरकुंडांपासून. दक्षिण आफ्रिका आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ते उसाच्या चिपाडांपासून काढतात.

हे ऐकून कोणी उद्याच गावात कारखान्याचा नारळ फोडायला निघू नये. हिशेब पुरा करू. समजा एखाद्या सुक्या मालात शंभर किलोमागे वीस किलो पेंटोसन आहे. कागदावर त्यातून साडेचौदा किलो फरफ्युरल निघावे. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास हाती लागते, म्हणजे सात किलो. मक्याच्या बुरकुंडात पेंटोसन तिशीच्या घरात असतो, पऱ्हाटीत त्याहून बराच कमी. शिवाय एक टन फरफ्युरलमागे कित्येक टन वाफ लागते. वाफेला पाणी लागते. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो, त्या गावात पाणी काढून घेण्याचा कारखाना पाण्यावाचून बंद पडेल. मागे राहते ते आंबट सांडपाणी. ते ओढ्यात सोडले तर विहिरी गेल्या.

आणि कडब्याला हात लावायचा नाही. कडब्यातही पेंटोसन आहे, पण तो आधी जनावराच्या तोंडचा घास आहे. कोरडवाहूत कडबा म्हणजे दुष्काळातली ठेव. ती मोडून कारखान्याला घालणे हा व्यवहार नाही.

पऱ्हाटीला इतर वाटाही आहेत. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीच्या भुश्यापासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र बसवले आहे. पऱ्हाटी दाबून इंधनाच्या कांड्या होतात. हवा कोंडून जाळली की कोळसा होतो, तोही उष्णतेने पाणी घालवण्याचाच प्रकार. पानिपतला २०२२ पासून भाताच्या पेंढ्यातून अल्कोहोल काढण्याचा कारखाना आहे. तिथे सेल्युलोजमध्ये पाणी घालून साखर सोडवतात आणि मग ती आंबवतात. कोणती वाट कुठे परवडेल हे अंतर, पाणी आणि भाव ठरवतील.

गावसभेत विचारायचे प्रश्न

येत्या काळात पऱ्हाटी विकत घ्यायला माणसे येतील. टाकाऊ माल उचलून तुमच्यावर उपकार करतो, अशी त्यांची भाषा असेल. कापसाच्या ओलाव्याचा एकेक टक्का मोजून कापणारी व्यवस्था पऱ्हाटी मात्र गाडीच्या भावाने मागेल. तेव्हा सही करण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून एवढे विचारायचे.

एक: माल कशासाठी नेता? जाळण्यासाठी, बोर्डासाठी की रसायनासाठी? वापर बदलला की किंमत बदलते.

दोन: भाव ओल्या वजनावर की सुक्या? ओलावा कोण मोजणार, आणि आमच्या मीटरने ताडून पाहता येईल का?

तीन: रसायनासाठी असेल तर आमच्या पऱ्हाटीत पेंटोसन किती, याची तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत होणार? उसाला उताऱ्याचा हिशेब लागतो, तो पऱ्हाटीला का लागू नये?

चार: उपटणी, बारीक करणे आणि वाहतूक कोणाच्या अंगावर?

पाच: पाणी कुठून घेणार आणि सांडपाणी कुठे सोडणार?

सहा: पऱ्हाटीबरोबर शेतातले पालाश जाते. राख आम्हाला परत मिळणार का?

आम्ही कारखान्याच्या विरोधात नाही. माल घेणारा एक आला तर तो भाव पाडतो, चार आले तर भाव चढतो. म्हणून वाटा जितक्या जास्त उघडतील तितके बरे. पण घेणाऱ्याला मालात काय आहे ते माहीत आणि विकणाऱ्याला माहीत नाही, अशा बाजारात विकणारा नेहमीच हरतो. कापसात आपले तेच झाले. सरकीच्या तेलाचा, ढेपेचा, लवेचा हिशेब जिनिंगवाल्याकडे होता आणि आपल्याकडे फक्त क्विंटलचा. पऱ्हाटीत तसे होऊ द्यायचे नाही.

प्रत्येक तालुक्याने पुढच्या बैठकीच्या आत तीन आकडे आणावेत: आपल्या भागात एकरी सुकी पऱ्हाटी किती निघते, ती उपटून रस्त्यावर आणायला खर्च किती येतो, आणि आज तिला कोण काय भाव देतो. माल उन्हात पंधरा दिवस वाळवून, काट्यावर मोजून आकडा आणावा, अंदाजाने नको. ते आकडे एकत्र झाले की खरेदीदारापुढे कोणत्या भावाने बसायचे ते आपण ठरवू.